‘जे’ म्हणजे जैन नव्हे

सांगलीच्या हळदपेठेत तीन पिढ्यांपासून अडतीचा व्यवसाय करणाऱ्या एका घरात 2025 च्या जानेवारीत बँकॉकच्या सहलीची तयारी सुरू झाली, तेव्हा त्या देशाविषयी घरात दोन ठाम मते होती आणि दोन्हींचा आधार एकच होता, ऐकीव माहिती.

धाकटे बंधू काही वर्षांपूर्वी व्यापारी मित्रांबरोबर पट्टायाला जाऊन आले होते. त्यांच्या मते तो देश कुटुंबाने, विशेषतः वयस्क आईला घेऊन, जाण्याजोगा नव्हताच. रात्रीचे बाजार, मद्य आणि मांस यांखेरीज तिथे काही नाही. थोरल्या बंधूंचे, ज्यांना घरात अण्णा म्हणतात त्यांचे, मत याच्या नेमके उलट. “बौद्धांचा देश आहे. पंचशील मानणारी माणसं. अहिंसा त्यांच्याकडेही आहे आणि आपल्याकडेही. अक्काला तिथं परकं वाटायचंच नाही,” असे ते म्हणत. धाकट्यांनी त्या देशातील एक गल्ली पाहिली होती आणि थोरल्यांनी त्याच्याविषयी एक शब्द ऐकला होता, एवढाच काय तो फरक.

अक्का अडुसष्ट वर्षांच्या. तीस वर्षांपूर्वी गावात चातुर्मासासाठी आलेल्या मुनिमहाराजांसमोर त्यांनी कंदमूळ आणि रात्रिभोजन यांचा त्याग केला होता आणि त्या व्रताला आजवर बाधा आली नव्हती. आयुष्यातील पहिल्या परदेशप्रवासाला त्यांनी होकार दिला तो ‘अहिंसेचा देश’ या अण्णांच्या शब्दावर भरवसा ठेवून. थोरल्या सुनेचा भरवसा मात्र डब्यांवर अधिक होता. भाजके पोहे, मेतकूट, बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी, मुगाचे लाडू, खाकरे आणि सांगलीचे बेदाणे असा सारा ऐवज तिने तोलून-मापून भरला. अण्णा हसले. “पाच दिवसांसाठी पेठ घेऊन निघालीस की काय?”

बँकॉकला उतरताच अण्णांच्या मताला बळच मिळत गेले. विमानतळाचे नाव सुवर्णभूमी. आत समुद्रमंथनाचे भव्य शिल्प. देव आणि असुर वासुकीला ओढीत आहेत. नमस्कारासाठी जो शब्द ऐकू येतो तो ‘सवत्दी’, आणि तो ‘स्वस्ति’वरून घडविलेला. महाविद्यालयात शिकणारी नात मोबाइल पुढे धरून पाट्या वाचीत होती. खाणावळीच्या पाटीवर ‘आहान’ असा शब्द निघाला, म्हणजे आपला ‘आहार’च. मुनींच्या जेवणाला आपण जो शब्द योजतो तो इथे रस्त्यारस्त्यावर लिहिलेला पाहून अक्कांनाही कौतुक वाटले. शब्द ओळखीचा निघाला की त्यामागचा व्यवहारही ओळखीचाच असणार, असे मनाने परस्पर ठरवून टाकले.

तिथे जानेवारीत सूर्य सहानंतर थोड्याच मिनिटांत मावळतो. म्हणून पहिल्या दिवशी पाचच्या सुमारास सर्वजण निवासस्थानाजवळच्या एका लहानशा, स्वच्छ खाणावळीत गेले. वाढणारी मुलगी विशी-बाविशीची, हसतमुख. अण्णांनी ‘व्हेज, नो मीट’ असे तीनदा सांगितले आणि कांदा-लसूण नको हेही हातवारे करून समजाविले. मुलीने मान डोलाविली. ‘व्हेज, व्हेज,’ असे म्हणत तिने कोबी, टोफू आणि हिरवी पाने घातलेले पाण्यासारखे नितळ सूप आणून ठेवले. त्यात न शोभणारे काहीच दिसत नव्हते. अक्कांनी चार चमचे घेतले. गरम आहे, चव बरी आहे, म्हणाल्या.

आठवीतला नातू टेबलावरची तपकिरी पाण्याची बाटली न्याहाळीत होता. बाटलीवर माशाचे चित्र होते. त्याने बाटली उचलून मुलीला दाखविली आणि मग सुपाकडे बोट केले. तिने आनंदाने होकार भरला. अर्थातच! ते घातल्याशिवाय चव कशी येईल?

त्या पाण्याला थाई भाषेत ‘नाम प्ला’ म्हणतात, शब्दशः माशाचे पाणी. लहान मासे मिठात मुरवून, महिनोन्‌महिने आंबवून त्याचा अर्क काढतात आणि आपल्याकडे मीठ वापरावे तसा तो तिथे बहुतेक पदार्थांत पडतो. आमटीसारख्या ज्या रश्शांना आपले प्रवासी ‘थाई करी’ म्हणतात, त्यांच्या वाटणात ‘कपि’ म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा असतो. कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत सुकी कोळंबी कुटलेली असते. भाज्यांचे तुकडे पाहून ‘शाकाहारी’ असा निर्णय देणे तिथे शक्य नाही. आणि मुलगी खोटे बोलली असेही म्हणता येत नाही. तिला ‘मांस नको’ याचा अर्थ ‘मांसाचे तुकडे नकोत’ असा समजला होता. तुकडे तिने घातले नव्हते.

अक्का उठल्या, बाहेर जाऊन चूळ भरली आणि परत येऊन खुर्चीवर डोळे मिटून बसल्या. ओठ हलत होते, णमोकार चालला होता. अण्णांचा आवाज चढला; त्या मुलीला ते मराठीतूनच बोलू लागले. तिला काही कळेना, नुसती घाबरून उभी. अक्कांनी डोळे उघडले. “तिला कशाला बोलतोस? हळकुंड मोडून बघितल्याशिवाय कुणाचा माल घेतोस का तू? इथं विचारलंस का?”

अण्णांना उत्तर सुचले नाही. पेठेत त्यांची ख्याती अशी की, राजापुरी म्हणून सांगितलेल्या पोत्यात हात घालून, दोन हळकुंडे मोडून, रंग पाहिल्याशिवाय ते सौद्याला उभे राहत नाहीत. आईच्या तीस वर्षांच्या व्रताचा सौदा मात्र त्यांनी एका ऐकीव शब्दावर केला होता. ती बोच त्यांना पुढचे चारही दिवस सलत राहिली, आणि सलावी अशीच ती होती.

बौद्ध म्हणजे शाकाहारी हा आपल्याकडचा समज फार खोल रुजलेला आहे. थायलंडमधील नव्वद टक्क्यांहून अधिक लोक थेरवादी बौद्ध आहेत, आणि ते सर्रास मांस-मासे खातात. प्राणिहत्या न करण्याचे शील ते घेतात. पण स्वतः मारणे आणि दुसऱ्याने मारलेले खाणे यांत त्यांची परंपरा भेद करते. हा भेद आजचा नव्हे. विनयपिटकातील ज्या कथेत त्याचे मूळ आहे, ती जैन वाचकाला विशेष वाटावी अशी आहे. वैशालीचा सेनापती सिंह हा आधी निगंठांचा, म्हणजे भगवान महावीरांच्या संघाचा, उपासक होता. तो बुद्धांकडे गेला आणि त्याने त्यांना भोजन दिले. त्या भोजनात मांस होते. तेव्हा निगंठांनी वैशालीच्या रस्त्यांवर हात उंचावून निषेध केला, असे तो बौद्ध ग्रंथच सांगतो. त्याच प्रसंगी नियम झाला की, जे मांस आपल्यासाठी मारले असे भिक्षूने पाहिले नाही, ऐकले नाही आणि ज्याविषयी त्याला तशी शंकाही नाही, ते त्याला चालेल. पुढे देवदत्ताने भिक्षूंना मांस-मासे पूर्ण वर्ज्य करावेत अशी मागणी केली, तीही मान्य झाली नाही. म्हणजे आहाराच्या प्रश्नावर या दोन परंपरांच्या वाटा अडीच हजार वर्षांपूर्वी वैशालीतच वेगळ्या झाल्या होत्या. सांगलीत बसून ‘ते आपल्यासारखेच’ म्हणणाऱ्याला ती बातमी उशिरा पोहोचली, इतकेच.

साम्ये नाहीत असे नव्हे, पण ती अपेक्षा असते तिथे नसतात. थाई भिक्षू पहाटे अनवाणी भिक्षेला निघतात. त्या फेरीचे नाव ‘बिंथबात’, म्हणजे पिंडपात. मध्यान्हीनंतर ते काही खात नाहीत. आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून तीन महिने ते एका विहारात वर्षावास करतात. आपल्या चातुर्मासाशी नाते सांगणारी ही रीत तिथे आजही ठळकपणे पाळली जाते आणि सहलीला जाणाऱ्या शंभरांतल्या एकालाही ती ठाऊक नसते.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी उपवास केला. सूनबाई त्यांच्यापाशी थांबल्या आणि अण्णा मुलांना घेऊन राजवाडा पाहायला निघाले. फाटकाच्या अलीकडेच एका सभ्य दिसणाऱ्या गृहस्थाने अडविले. “आज राजवाडा बंद आहे, पूजा आहे. त्यापेक्षा सरकारी रत्नकेंद्र पाहा. करमाफीचा आजचा शेवटचा दिवस आहे.” तीनचाकी तयारच होती. दुकानात चहा मिळाला, माणके आणि नीलम मांडले गेले, आणि भारतात दुप्पट किमतीला विकले जातील असे सांगण्यात आले. यंत्रावर रक्कम बाटमध्ये की रुपयांत, असा प्रश्नही उमटला. (हा प्रश्न कोणत्याही परदेशात आला की तिथलेच चलन निवडावे. रुपये निवडले तर विनिमयाचा दर समोरचा ठरवितो, आणि तो आपल्या सोयीचा नसतो.) अण्णांचे बोट यंत्रावर गेले आणि थांबले. बँकॉकच्या सीलोम भागात रत्नांचा व्यापार करणारी जैन कुटुंबे आहेत, हे त्यांना माहीत होते. दुप्पट नफा जर असा टेबलावर पडलेला असेल, तर ती मंडळी तो एका हळदवाल्यासाठी ठेवतील का? त्यांनी कार्ड खिशात घातले. राजवाडा उघडाच होता. तो बहुतेक रोज उघडा असतो आणि अनोळखी माणसांवर विसंबू नका, असा इशाराही तिथे दिलेला असतो. व्यापारी माणूस फसत नाही हा आपला आणखी एक गोड समज आहे. अशा जाळ्यात त्यालाच आधी ओढतात, कारण नफ्याची भाषा त्याला लवकर समजते.

आतल्या प्रसिद्ध मंदिरातील ‘पाचूचा बुद्ध’ पाचूचा नाही. हिरव्या जेडसारख्या दगडाची ती सुमारे 66 सेंटिमीटर उंचीची मूर्ती आहे. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा अशा तीन ऋतूंच्या आरंभी स्वतः राजा तिची वस्त्रे बदलतो. सभोवतालच्या ओवऱ्यांच्या भिंतींवर 178 चित्रांत संपूर्ण रामकथा रंगविलेली आहे. मुलांनी ती बराच वेळ पाहिली.

सायंकाळी निवासस्थानाच्या मालकीणबाईंनी, त्या चिनी वंशाच्या आणि अक्कांच्याच वयाच्या, विचारपूस केली. आजी का जेवत नाहीत? नातीने मोबाइलच्या भाषांतराने जमेल तसे सांगितले. बाई थोडा वेळ ऐकत राहिल्या आणि मग एक पिवळे कागदी निशाण घेऊन आल्या. त्यावर लाल अक्षरांत एकच शब्द होता, ‘जे’.

हा शब्द चिनी भाषेतून थाईत आला. ‘जे’ आहारात मांस, मासे, अंडी वर्ज्य आहेत, दूधही वर्ज्य आहे, आणि लसूण, कांदा, त्यांच्या जातीच्या आणखी दोन उग्र वासाच्या भाज्या व तंबाखू हे पाचही वर्ज्य आहेत. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात पहिले नऊ दिवस हे व्रत मोठ्या प्रमाणावर पाळतात. अधिक महिन्याचा घोळ नसला तर ते आपल्या शारदीय नवरात्राच्या सुमारासच येते, आणि त्या दिवसांत फुकेतमध्ये व बँकॉकच्या यावरात पेठेत रस्तेच्या रस्ते अशा पिवळ्या निशाणांनी भरून जातात. एरवीही निशाण लावलेली दुकाने सापडतात. मालकीणबाई दर महिन्याला काही दिवस ‘जे’ पाळीत होत्या. त्यांनी खूण करून विचारले, तुम्हीही कांदा-लसूण नाही खात? अक्कांनी मान हलविली. दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडे पाहून हसल्या. धाकट्या बंधूंच्या ‘तिथे काही नाही’ या मताचा निकाल तिथेच लागला.

अण्णा मात्र पुन्हा उत्साहात आले. “जे म्हणजे जैनच की! शब्दसुद्धा तोच!” दुसऱ्या दिवशी उपवास सोडताना अक्कांनी घरचे मुगाचे लाडू खाल्ले आणि दुपारी सर्वजण निशाण पाहून एका दुकानात शिरले. वाडग्यात पांढऱ्या मुळ्याचे जाड तुकडे तरंगत होते, शेजारच्या ताटात बटाटा आणि अळूचा कंद होता. ‘जे’ला कंदमुळाचे वावडे नाही. या वेळी कोणी रागावले नाही. नातीने आधीच विचारले होते, म्हणून चमचा कोणी उचललाही नव्हता. मग तिने मालकीणबाईंकडून एक कार्ड थाईत लिहून घेतले आणि उच्चार देवनागरीत उतरवून ठेवले. ‘माइ साइ’ म्हणजे घालू नका. माइ साइ नाम प्ला, माइ साइ कपि; माइ साइ खाइ, म्हणजे अंडे नको; माइ साइ मन फरांग, म्हणजे बटाटा नको. आणखी एक शब्द तिने मुद्दाम खाली लिहिला, ‘मांग्साविरत’. हा आपला ‘मांसविरती’च, पण त्यात अंडे आणि दूध चालते, कांदा-लसूणही. जाणाऱ्यांनी हा भेद ध्यानात ठेवावा.

त्याच दुकानातून घेतलेल्या बिस्किटांच्या पुड्यावर शेवटच्या तारखेचे वर्ष 68 असे छापलेले पाहून नातू गोंधळला. तिथे वर्ष बुद्धांच्या परिनिर्वाणापासून मोजतात, 2025 म्हणजे 2568. अक्का म्हणाल्या, “आपलं वीर निर्वाण संवत 2551 चालू आहे. त्यांचंही निर्वाणापासूनच की.” आणि पुडा उलटून त्यावरचे सर्व काही नातीकडून वाचून घेतल्यावरच त्यांनी एक बिस्कीट घेतले.

चौथ्या दिवशी नदीकाठच्या एका विहाराबाहेर एक बाई वेताचे लहान लहान पिंजरे मांडून बसली होती. आत मुनियासारखे इवले पक्षी एकमेकांवर दाटीवाटीने कोंबलेले. शंभर बाट द्या, पिंजरा उघडा, पुण्य घ्या. अक्कांनी कोणाला विचारले नाही. पर्युषणात जीवदयेसाठी हात सैल सोडणाऱ्या बाईला त्यात विचारायचे काय? पदराची गाठ सोडून त्यांनी तीन पिंजरे उघडविले. पक्षी भुर्रकन उडाले. एक मात्र उडाला नाही. पिंजऱ्याच्या तळाशी पडूनच होता.

तीनचाकीवाल्याला थोडे इंग्रजी येत होते. पक्षी कुठून येतात, या नातीच्या प्रश्नावर त्याने सहजपणे सांगितले की, शेतांतून जाळ्याने धरून आणतात, सोडण्यासाठीच. सोडलेले पुन्हा सापडतात. सणाच्या दिवशी जास्त आणतात.

अण्णा गप्प झाले. गिऱ्हाईक आहे म्हणून माल येतो, हे त्यांना कोणी समजावून सांगायला नको होते. तीनशे बाटांत आपण सोडविले किती आणि उद्या पकडण्यासाठी आगाऊ रक्कम दिली ती किती, याचा हिशेब त्यांच्या डोळ्यांपुढे मांडला गेला. अक्कांनीही तो केला असावा. कारण नदीकडे चालताना त्या हळूच म्हणाल्या, “आपल्याकडं बाजारात सोडवतो ते पक्षी तरी कुठनं येतात रे?” त्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी कोणी दिले नाही. गावी परतल्यावर हा प्रश्न त्यांनी मंडळाच्या बैठकीतही विचारला आणि तिथेही अजून विचार चालू आहे.

विहाराच्या धक्क्याशी पाण्यात हातभर लांबीचे शेकडो मासे गर्दी करून होते. लोक पाव टाकीत होते. फलकावरील थाई अक्षरांचे नातीने भाषांतर घेतले. नंतर उच्चारही ऐकविला, ‘खेत अफइ-थान’. क्षेत्र, अभयदान. या घाटाच्या पाण्यात मासे धरण्यास मनाई आहे. तीनच दिवसांपूर्वी ज्या देशात माशाच्या पाण्यावाचून चव नाही असे कळले होते, त्याच देशात माशांना अभयदान दिल्याची पाटी होती. अक्का त्या पाटीखाली कितीतरी वेळ बसल्या. पिंजऱ्यातला तो एक पक्षी त्यांच्या मनातून गेला नव्हता.

परतीच्या दिवशी सकाळी त्यांनी पहिल्या खाणावळीत जाण्याचा हट्ट धरला. अण्णांना ते अवघड वाटत होते, पण ते निघाले. ती मुलगी या मंडळींना पाहताच बावरली. अण्णांनी दोन्ही हात जोडून मान लववली. त्यांना तिथला शब्द आठवला नाही, म्हणून ते मराठीतच ‘चुकलं’ म्हणाले. अक्कांनी पिशवीतून बेदाण्यांचा पुडा काढून तिच्या हाती दिला. मुलीने तो उलटसुलट करून पाहिला, स्वतःचा मोबाइल काढला, त्यात काही बोलली आणि पडदा अक्कांसमोर धरला. नातीने वाचून दाखविले.

“विचारतेय, यात काय काय घातलंय?”

अक्का पाच दिवसांत पहिल्यांदाच मोकळेपणी हसल्या आणि नातीला म्हणाल्या, “सांग तिला नीट. सगळं सांग.”